उजव्या चाकाचा स्क्रू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या जगदाळेकाकांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात माझ्या निवृत्तीच्या समारंभात लोकांनी माझं एवढं कौतुक केलं — आणि मी ते मान खाली घालून, विनयाचा आव आणून ऐकून घेतलं — म्हणून असेल.

दिल्लीजवळ मानेसरच्या मोटारींच्या कारखान्यात मी स्टिअरिंगचा माणूस. गाडी एका बाजूला का ओढते, वळवलेलं चाक परत का येत नाही, हे शोधण्यात माझी उभी हयात गेली. नवीन मुलं विचारायची, सर, तुम्हाला एवढं कसं कळतं? मी त्यांना एका खेळण्यातल्या गाडीची गोष्ट सांगायचो. असंख्य वेळा सांगितलीय. गोष्ट खरी आहे. फक्त तिच्यातून एक माणूस मी काढून टाकलाय.

नव्या कारखान्यांचे दिवस होते ते. गुडगावच्या रस्त्याला दर महिन्याला एक नवी पाटी उभी राहायची, आणि मी पुण्याहून मेकॅनिकलची पदवी घेऊन दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात, वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये बेकार बसलो होतो. दाजी दुबईहून आले ते माझ्यासाठी रिमोटवर चालणारी गाडी घेऊन. तेवीस वर्षांच्या घोड्याला खेळणं! आई हसली. मी मात्र हरखलो. साधी नव्हती ती — पुढची चाकं वळवायला आत वेगळी छोटी मोटर, तिथून चाकांपर्यंत तारेचा दांडा, मध्ये धक्का सोसणारी स्प्रिंग, सगळं खऱ्यासारखं. थंडीतल्या दुपारी पार्कात बायका उन्हात मटार सोलत बसायच्या आणि मी त्यांच्या चटयांच्या मधून गाडी पळवायचो.

आठ दिवसांत ती बिघडली. उजवीकडे वळवली की वळलेलीच राहायची, सरळ होईचना. मी सेल बदलले. एरियल पुसली. गाडी सरळ चालावी म्हणून रिमोटवर एक छोटं चाक असतं, ते इतकं फिरवलं की गाडी उभ्या जागी डावीकडे बघायला लागली. शेवटी दाजींनी स्वस्तातला माल आणला असं जाहीर करून टाकलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

जगदाळेकाका आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. साताऱ्याकडचे. फौजेच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कॉलनीतले सगळे मिक्सर, इस्त्र्या, हीटर त्यांच्याच हाताखालून जायचे. एका दुपारी ते माकडटोपी घालून माझ्या शेजारी येऊन बसले. गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं,

"शेवटचं कुणी उघडलं हुतं हे?"

कुणीच नाही, मी म्हणालो.

खोटं होतं. चाकं जरा हलतात म्हणून, ती बिघडण्याच्या आदल्याच दिवशी, मी ती उघडून स्क्रू करकचून आवळले होते. स्क्रूवर ताजे ओरखडे होते, ते त्यांना दिसले नसतील का? दिसले.

त्यांनी घरून वाटी मागवली, ती पालथी घालून तिच्यावर गाडी ठेवली — चाकं अधांतरी. रिमोटवरचं छोटं चाक मधोमध आणलं. उजवीकडे वळवून सोडलं. चाकं अर्धवटच परत आली. मग तारेचा दांडा मोटरीपासून सोडवला आणि पुन्हा तेच केलं. मोटर बरोब्बर मधोमध येऊन थांबली. म्हणजे रिमोट ठीक, सेल ठीक, मोटर ठीक. एकेकाला असं निर्दोष सोडत ते पुढे चालले होते. मग बोटाने एकेक चाक वळवलं. डावं लोण्यासारखं वळलं. उजवं अडकलं. मोटर परत यायची, चाक यायचं नाही, आणि मधली स्प्रिंग बिचारी दोघांचं भांडण सोसत बसायची. त्यांनी उजव्या चाकाचा स्क्रू पाव फेरा सैल केला. झालं!

पाव फेरा. माझ्या चार वर्षांच्या पदवीत तो कुठेच नव्हता.

मग त्यांनी खिशातून पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी काढली. वर्कशॉपची शिस्त — दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी दोऱ्याने बांधायची. ते मिक्सरलासुद्धा बांधायचे, बायका हसायच्या. पहिली ओळ: पहले किसने खोला. दुसरी: बाद में किसने खोला. खाली दोष. दुसऱ्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, उजव्या चाकाचा स्क्रू जादा आवळलेला. पहिली ओळ कोरी सोडली आणि पेन माझ्याकडे केलं.

मी पेनाला टोपण लावून ते त्यांना परत दिलं.

ही माझी चूक, असं तुम्हाला वाटत असेल. इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

मानेसरच्या कारखान्याची जाहिरात काकांनीच मला दाखवली. इंजिनियर हवे होते, आणि दुरुस्ती विभागात अनुभवी हातही हवे होते. मी पण देतो अर्ज, म्हणाले, घरी बसून गंज चढतोय. मुलाखतीला आम्ही एकत्र निघालो. गाडी मी पिशवीत घेतली होती. निघण्यापूर्वी तिचा दोरा मी कात्रीने कापला आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली. का घातली? फेकून का दिली नाही? ठाऊक नाही.

मुलाखतीत मी गाडी टेबलावर ठेवली आणि ती सगळी रीत सांगितली — वाटी, दांडा, मोटर, चाक. कारखान्याचे प्रमुख पुढे सरकून ऐकत होते. कुठे शिकलास, त्यांनी विचारलं. माझं मीच शोधलं, मी सांगितलं. ते खूश झाले. मग समोरचा दुसरा अर्ज उचलून म्हणाले, हे सुभेदार तुमच्याच कॉलनीतले दिसतात. त्यांचा हात कसा चालतो?

काका आत येतील, तीच रीत सांगतील, माझी चोरी उघडी पडेल — एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो,

"आदमी बहुत अच्छे हैं सर. बस, अब हाथ थोडा काँपता है."

त्यांचा हात कापत नव्हता. त्या हाताने ते सुईत दोरा ओवून काकूंना द्यायचे.

काका आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. मला घेतलं, त्यांना नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी तीळगुळाची गजक घेतली, अर्धी मला दिली. कॉलनीतल्या एकाला तरी नोकरी लागली, म्हणून ते मनापासून खूश होते. मग म्हणाले,

"मला म्हनले, हात पुढं धरून दाखवा. धरला. तर कापाया लागला, बघ. कधी कापला न्हवता."

मी गजक खात राहिलो.

त्यानंतर काकांनी काही उघडणं सोडलं. कुणी इस्त्री घेऊन आलं तर म्हणायचे, दुसरीकडं न्या, माझा हात राहिला नाही. तो खरोखरच गेला, की माझ्या एका वाक्याने नेला? मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी त्यांचा स्क्रूड्रायव्हरचा डबा मला दिला. मला आता काय करायचाय, म्हणाले. मी वाकून नमस्कार केला आणि डबा घेतला.

त्या डब्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. गुडगावचं घर, मुलीचं शिक्षण, लोकांनी दिलेला मान. घरात भांडण झालं की बायको म्हणते, तू आधी स्वतःची चूक बघतोस, हे बरं आहे तुझं. तेही त्यांचंच — शेवटचा हात कुणाचा लागला, ते आधी बघायचं. माझ्यात चांगलं म्हणून जे काही आहे ते त्या एका दुपारचं आहे, पालथ्या वाटीवरचं. काका, मी तुमचा फार ऋणी आहे. हे मी दर दसऱ्याला सोनं द्यायला गेलो की मनात म्हणायचो, आणि ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. तो हात तेव्हा कापायचा. पुढे ते गावी गेले आणि तिथेच वारले.

चिठ्ठी अजून डब्यात आहे. पुठ्ठा पिवळा पडलाय, काकांचं अक्षर स्वच्छ आहे. आज सकाळी मी तिच्यावरच्या कोऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं. खाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं — सुभेदार जगदाळे यांचा हात कापत नव्हता. कापतो असं मी सांगितलं होतं.