सगळ्यांना सगळं सापडलं

तपासणी समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात कुंड्या रंगवतात. यंदा शोधही रंगवले.

मी तिथली ग्रंथपाल. आमच्या ऑनलाइन संग्रहात संशोधक काय टाईप करतात आणि कुठे त्यांच्या हाती काही लागत नाही, याच्या नोंदी संगणक ठेवतो. त्या नोंदींचा अभ्यास हेच माझं संशोधन. रसायनशास्त्रातली एक मुलगी वर्षभर एकच गोष्ट शोधत होती: वांग्यावर फवारलेलं औषध भाजी शिजवल्यावर किती उरतं. घरी भाजीपाल्याची शेती, तळेगावची, आर्वीला गाडी बदलून येणारी. शब्द उलटेपालटे करून पाहायची आणि दर वेळी संगणक सांगायचा, काही नाही.

"मॅडम, काहीच नाई भेटून राह्यलं. कमिटीसमोर काय दाखवू मी?"

"थांब," मी म्हटलं. "तुझं हे न सापडणंच दाखवू."

नव्या संशोधन-पत्रिकांची मागणी मी याच नोंदींच्या आधारावर लिहिली होती. शोध रिकामे जातात, म्हणून पत्रिका हव्यात. इतकं सरळ होतं.

पण समितीला 'वापर' दाखवायचा होता. विभागप्रमुखांनी फर्मान काढलं: प्रत्येकाने रोज काहीतरी शोधायचंच. आठवडाभर शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळे टाईप करत बसले. कुणी नटीचं नाव टाकलं, कुणी स्वतःचं; त्या नावाचा कुणी ना कुणी लेखक निघायचाच. मी भांडले. मला सांगितलं, तुम्ही पुस्तकं सांभाळा.

समितीसमोर आलेख झळकला. वापर वाढलेला, रिकाम्या शोधांचं प्रमाण नगण्य. समितीतल्या एका गृहस्थांनी माझा अर्ज चाळला आणि हसून म्हणाले, "इथे तर सगळ्यांना सगळं सापडतंय. नव्या पत्रिका कशाला?" मागणी नामंजूर. विभागप्रमुख बाहेर येऊन म्हणतात कसे, "आकडा वाढला ना मॅडम, आता काऊन रागावून राह्यल्या?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोध म्हणजे काय, हे ज्यांच्या गावी नाही, त्यांनी शोधणाऱ्यांचा निकाल लावावा!

संध्याकाळी ती मुलगी आली. मी तिला सगळं सांगितलं, त्या खोट्या शोधांना आणि ते करणाऱ्यांना तोंडाला येईल ते बोलले. मग तिने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"मॅडम, मी पण केलं नं ते. सरांनी सांगतलं होतं. आठवडाभर मी नुसतं 'वॉटर' टाकत होती."

"वॉटर कशाला?"

"मले वाटलं, एकदा तरी काही निघावं." तिने पट्टा सोडला. "लई निघालं, मॅडम."