गडग्यापलीकडची नलूकाकू

नलूकाकू मोदकाचं सारण कधीच चाखत नसे. नैवेद्य चाखायचा नसतो, ही घरची रीत. त्यामुळे तिला मधुमेह झाल्यावर बायका हळहळायला आल्या, तेव्हा ती म्हणाली, "अगो, मोदक करताना मी आधी तरी कुठे चाखत होत्ये?" रत्नागिरीतल्या आमच्या आळीला मोदक तिच्याच हातचे लागत.

एका चतुर्थीला ती सारणात गूळच घालायला विसरली. नुसतं खोबरं आणि वेलची! सगळे भिडेपोटी मुकाट गिळत होते. माझी जीभ कुठली राहते? "काकू, गूळ मिळाला नाही काय गो?" काकूनं एक घास खाल्लान आणि हसून हसून पदरानं डोळे पुसलेन. "यंदा बाप्पालाच पथ्यावर ठेवलं मी!" माझ्या हातून हे झालं असतं, तर मी चार दिवस कोणाला तोंड दाखवलं नसतं.

माझा स्वभावच तिरसट. साखर मलाही होती, पण मी रोज त्या साखरेशीच भांडत होतो. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं, तेव्हा ते टोचायचं पेन कपाटात ढकललं आणि रागाच्या भरात आठ पेढे हाणले. पुढे पायाची जखम चिघळली. बोट काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतःचं इन्सुलिन घेऊन हजर! "चल, दोघं एकदम टोचू. गडगा ओलांडून माझे नारळ सोलायला यायचंय ना तुला?" मी चिडलो, पण टोचलं. बोट वाचलं.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता आमच्या दोन घरांमधल्या जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यावरून हाक यायची, "टोचलंस काय रे?"

"टोचलं! दहादा काय विचारतेस!" मी खेकसायचो.

कधी कंटाळा आला की न टोचताच गोड आवाजात सांगायचो, "टोचलं हो, काकू." नेमकं त्याच दिवशी तिला आमच्याकडे काम निघायचं. कधी कढीपत्ता, कधी कात्री. ती ठाण मांडून बसली की लाजेनं का होईना, मला उठून टोचावं लागे. योगायोग, असंच मला वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि दवाखान्यात चार दिवसांत काकू गेली. मग मी सुईला हात लावला नाही. कोणासाठी टोचायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडे अण्णा उभे होते, काकूचे यजमान. उभ्या जन्मात दोन शब्द सलग न बोललेला माणूस.

"टोचलंस काय रे?"

"टोचलं हो, अण्णा."

"खोटं."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"ती सांगून गेल्ये मला. 'त्याला रोज विचारा. टोचलेलं असलं की वसकन अंगावर येतो. गोड बोलला, तर समजा टोचलं नाही.' जा, टोचून ये. मी हलत नाही इथून."

मी आत गेलो. टोचलं. गडग्याशी येऊन सगळा जीव एकवटून ओरडलो, "टोचलं! दहादा काय विचारता!"

अण्णांनी डोळे पुसले. "हं. आता खरं."