व्याधाचं कडं

आमच्या हेडमास्तरांनी व्याधाच्या ताऱ्याभोवती एक कडं शोधून काढलं होतं. आकाशात ते कुणालाच दिसत नसे, त्यांनाही नाही. ते फक्त फोटोत होतं. पण फोटो खोटं बोलत नाही, असं ते म्हणत, आणि त्यांच्यासमोर दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती.

मला तर मुळीच नव्हती. सहावीतून शाळा सुटलेला मी, माण तालुक्यातला. रेल्वेच्या कामावर चांद्याकडे आलो, तापाने पडलो, टोळी पुढे निघून गेली. त्या वेळी या माणसाने मला सावली गावाच्या पलीकडल्या आपल्या शाळेत आणलं, पेज पाजली आणि प्रयोगशाळेचा शिपाई केलं. हे मी आजही विसरलेलो नाही. नेमणूक मात्र तात्पुरती होती. कायम करण्याचा कागद इन्स्पेक्टरसाहेबांच्या सहीसाठी तयार होता आणि साहेब माघात येणार होते. हेडमास्तरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "त्यांच्यापुढे कडं ठळक दिसलं पाहिजे. मग तुझा कागद मी स्वतः पुढे करीन."

शाळेत जंगल खात्यातल्या कुण्या गोऱ्या साहेबाने मागे टाकलेली पितळी दुर्बीण होती. तिच्या पाठीवर कॅमेरा सुतळीने बांधायचा. मी दुर्बिणीत डोळा घालून तारा आतल्या आडव्या-उभ्या दोऱ्यांवर धरून ठेवायचा आणि तो सरकेल तसा हाताने स्क्रू फिरवत राहायचं. हेडमास्तर शाल पांघरून खुर्चीवर बसत आणि त्याला संशोधन म्हणत.

फोटो काचेवर उमटायचा. पहिल्या काचांवर तारा कापसाच्या बोंडासारखा फुगलेला आला. कॅमेऱ्याचं भिंग स्वस्तातलं, निळा उजेड त्याला नीट गोळा करता येत नाही, तेव्हा पुढे पिवळी काच लावा, असं पुस्तकात होतं. विलायती फिल्टर आम्हाला परवडण्यातला नव्हता. गावात नाटक आलं होतं. त्यांचे लोक राजाच्या दरबारासाठी गॅसबत्तीपुढे पिवळा पारदर्शक कागद धरायचे. त्याचा एक तुकडा मी मागून आणला आणि पुठ्ठ्याच्या चकतीत बसवून भिंगापुढे लावला. ताऱ्याची सूज उतरली, आणि कडं होतं त्याहून रेखीव दिसू लागलं. हेडमास्तरांनी त्या दिवशी मला चहा दिला, कपात.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण उपकाराचं ओझं असलेला माणूस गरजेपेक्षा जास्त काम करतो. काचा आणायला चांद्याला गेलो, तेव्हा तिथल्या फोटोवाल्याला कडं दाखवलं. तो हसला नाही, कंटाळला. म्हणाला, तेजस्वी उजेड काचेच्या आरपार जातो, मागच्या बाजूवर आपटून परत येतो आणि गोल उमटतो. साखर जाळून तिच्यात काजळी घाल, काचेच्या पाठीला फास, म्हणजे उजेड परत फिरणार नाही; धुताना लेप निघून जाईल.

साखर कुठून आणणार? मी गूळ जाळला. सकाळी बघतो तर काचेची पाठ मुंग्यांनी चाटून साफ केलेली. शाळेत पाणी भरणारी बाई मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरची, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "भाऊ, तारे कायले मुंग्यांले खाऊ घालून राह्यले? परातीत पाणी घाला, मंदात काचांचा डबा ठेवा." तसं केलं. पुढच्या काचेवर व्याध आला, टाचणीच्या टोकाएवढा, स्वच्छ. कडं नाही.

खात्री करावी म्हणून व्हरांड्यातल्या कंदिलाचा फोटो काढला, पाठ न फासलेल्या काचेवर. कंदिलाभोवती तेच कडं, तस्संच गोल. म्हणजे आमच्या संशोधनात व्याध आणि रॉकेल सारखेच निघाले.

मी काय केलं? स्वच्छ काच फडक्यात गुंडाळून पेटीत टाकली. साध्या काचेवर पुन्हा व्याध घेतला, कडं ठसठशीत आलं, ते हेडमास्तरांना दिलं. माझा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता.

इन्स्पेक्टर यायच्या सकाळी मी पताका लावत होतो. भिंत मोकळी वाटते म्हणून हेडमास्तर माझ्या खोलीत गेले आणि वाळत घातलेला आणखी एक फोटो घेऊन आले. काळ्यात एक पांढरा ठिपका, भोवती कडं. त्याखाली त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, "रोहिणी: येथेही तेजोवलय!" मी पाहिलं तेव्हा साहेबांची बैलगाडी फाटकात होती.

व्याख्यान लांबलं. साहेब जांभई दाबून भिंतीपाशी आले. पाण्याचा पेला घेऊन आलेली बाई फोटोपाशी थबकली.

"हा तं आपला कंदील हाये," ती म्हणाली. "दांडी वाकडी नाई का त्याची? मीच तं रोज तेल टाकतो त्यात."

पोरं खिदळली. ठिपक्यावर अंधुक वाकडी दांडी खरंच उमटली होती. साहेबांनी चष्मा चढवला. हेडमास्तरांनी कंदिलाकडे पाहिलं नाही, बाईकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"फोटो तू काढलास. सांग साहेबांना, काय आहे हे?"

मला पेज आठवली. कागद टेबलावर होता, शाईच्या दौतीखाली दाबलेला.

"रोहिणी, साहेब," मी म्हणालो.

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पेला टेबलावर ठेवून गेली. साहेब म्हणाले, खेड्यातली माणसं भोळीच असायची, आणि पोह्यांची चौकशी केली. जाताना त्यांनी हेडमास्तरांच्या संशोधनाला शेरा दिला आणि माझ्या कागदावर सही केली, दोन्ही न वाचता.

मी कायम झालो. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, कंदिलाचा विषय कधीच निघाला नाही, आणि रोहिणी भिंतीवर राहिली. बाई मात्र त्यानंतर रोज दिवेलागणीला तेलाची बाटली घेऊन माझ्या दारात उभी राहायची, अगदी अदबीने.

"भाऊ, रोहिणी पेटवू का?"

मी रोज "पेटव" म्हणायचो.