भिवाचं लग्न

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही हसाल, याची मला खात्री आहे. हसा. मीही सांगताना हसणारच आहे, कारण गोष्टच तशी आहे. पण हसून झाल्यावर जे उरतं ते माझं आहे — आणि ते काही बरं नाही.

कुठून सुरू करू? मोठ्या काकीपासूनच करते.

मोठी काकी म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. काका लवकर गेले आणि ती आमच्या बेटावरच्या शमें ग्रेनिए गावी आमच्याच घरात राहिली. सकाळी उसाच्या कारोत, म्हणजे शेतात, बायकांच्या टोळीबरोबर खुरपणीला जायची आणि दुपारी घरी यायची. मराठी आणि क्रेओल यांशिवाय तिसरी भाषा तिला येत नव्हती, पण या दोन्हींत ती कुणालाही गप्प करायची.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी पंधरा वर्षांची. विलायतेत नर्सचं काम करणारा माझा मामा सुट्टीवर आला, तो एक कॉम्प्युटर घेऊन. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून खेळ चढवायचा. कॅसेट आठ मिनिटं किंचाळायची आणि मग पडद्यावर एक राज्य उघडायचं. डोंगर, नद्या, गावं, गुहा — कुठेही जा, कुणी अडवत नाही. राज्याच्या टोकाला एका मनोऱ्यात हरवलेली घंटा होती, ती वाजवायची. एवढंच काम. पण एकट्यानं जमणारं नव्हतं, म्हणून वाटेत सोबती घ्यायचे. मी तीन घेतले. एक शिपाई, एक वैदू बाई आणि एक हमाल.

त्या हमालाला नाव द्यायचं होतं. काकी मागे ब्रेदची, म्हणजे पालेभाजीची, पानं निवडत बसली होती. ती म्हणाली, "भिवा लिव." मी लिहिलं.

आता भिवाबद्दल काय सांगू? कामाचा होता, खोटं कशाला बोलू. दोर त्याच्याकडे, कंदील त्याच्याकडे, पाण्याची कातडी पिशवी त्याच्याकडे. त्याच्याशिवाय एकही गुहा पार झाली नसती. पण त्यानं माझ्या नाकी नऊ आणले. धर्मशाळेत शिरलो की हा दारात उभा. आत जाता येत नाही, बाहेर येता येत नाही. लढाई सुरू झाली की बरोबर माझ्या तलवारीपुढे येऊन थांबणार. सगळ्यांत हळू चालायचा, आणि खेळाचा नियम असा की सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं सगळे चालणार. आणि दर थोड्या वेळानं पडद्यावर इंग्रजीत त्याचं एकच वाक्य उमटायचं. काकीनं पहिल्यांदा विचारलं, "काय बोलतो गो तो?" मी सांगितलं, "भूक लागलीय मालक, पण येतो मी."

झालं. काकीची पानं हातातच राहिली. "पोव द्याब," ती म्हणाली. क्रेओलमध्ये बिचाऱ्याला असंच म्हणतात. "त्याला आधी जेवाय घाल."

तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला — भिवा जेवल्याशिवाय खेळ पुढे जायचा नाही. शनिवारी दुपारी टीव्हीवर हिंदी पिक्चर लागायचा, काकीचा जीव त्यात. तो तिनं सोडला. एकच टीव्ही होता ना! कॅसेट किंचाळायची त्या आठ मिनिटांत तिचं ब्रेद निवडून व्हायचं, आणि राज्य उघडलं की ती मोडा, म्हणजे बुटकं स्टूल, ओढून पुढे. भिवा दारात अडकला की ती त्याला ओरडायची, "अरे, बाजूला हो की मेल्या, लोकांस जाऊ दे!" आणि मी वैतागून "याला हाकलूनच देते," म्हटलं की माझ्यावर उलटायची. खेळात तशी सोय होती खरी. सोबत्याला काढून टाकता येत होतं. एक कळ दाबायची, पडदा विचारायचा — नक्की ना? मग दुसरी कळ.

"आमच्या टोळीत कोण एकटी कारोतून भायेर येत न्हाय," काकी म्हणायची. हे मी लहानपणापासून ऐकत होते. प्रत्येकीला उसाची एक रांग. जिची रांग आधी संपते तिनं घरी पळायचं नाही. जी मागे पडली तिच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिकडून खुरपत यायचं, मध्ये गाठ पडेपर्यंत. मग सगळ्या मिळून बाहेर. काकीला खेळाचे नियम कळायला वेळ लागला नाही तो याचमुळे.

ते महिने किती मजेचे होते! मी आणि काकी, एवढं कधी बोललोच नव्हतो. ती शेतातल्या बायकांना भिवाच्या गोष्टी सांगायची, त्या बसच्या थांब्यावर मला विचारायच्या, "काय गो, भिवा बरा हाय?"

इथवर सांगणं सोपं होतं. आता — आता तो बुधवार.

बुधवारी मी शाळेतून लवकर आले. काकी घरी नव्हती. मी तिच्याशिवाय खेळायचं नाही, असं काही ठरलेलं नव्हतं, पण तसंच चाललं होतं. मी कॅसेट लावली. आम्ही मिठाच्या मैदानाच्या कडेला पोचलो होतो. पलीकडे मनोरा दिसत होता, अगदी दिसत होता. मैदान ओलांडायला बारा दिवस, आणि शिधा तिघांना पुरेल एवढाच. मागे फिरून गावातून शिधा आणता आला असता. त्यात अख्खी दुपार गेली असती, भिवाच्या चालीनं दोन दुपारी. मला शेवट बघायचा होता. आजच.

मी कळ दाबली. पडद्यानं विचारलं — नक्की ना? तुम्हाला वाटेल, मी थोडी थांबले असेन. नाही थांबले. दोर घेतला, कंदील घेतला, पाण्याची पिशवीही घेतली. भिवाचं एक नवं वाक्य उमटलं, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "मी इथे थांबतो, मालक." आणि तो थांबला. आम्ही तिघं निघालो, किती भराभर चाललो! मनोऱ्यात शिरलो, दारात कुणी अडलं नाही. घंटा वाजली. पडद्यावर अक्षरं आली, की तू आणि तुझे विश्वासू सोबती यांचं नाव या राज्यात अमर राहील. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

शनिवारी काकी मोडा घेऊन बसली. पडद्यावर चारांऐवजी तीन. तिनं मोजले, पुन्हा मोजले. "भिवा खय?"

आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "तो राहिला, काकी. वाटेत एक गाव लागलं, तिथं."

"राहिला? का? बायल केली काय त्यानं?"

बघा, तिनंच सुचवलं. पडत्या फळाची आज्ञा. मी म्हटलं, हो, लग्न केलं. मुलगी कुणाची? दुकानदाराची. दिसायला? सावळी, हसरी. आता तोच सासऱ्याचं लाबूतिक, म्हणजे दुकान, सांभाळतो, दिवसभर दारात उभा असतो. इथे काकी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "त्याच्या जोगं काम गावलं त्याला!" आणि खरं सांगू? हेच तर सांगायला बसले आहे — खोटं बोलताना मला मजा आली. भीती नाही, लाज नाही. मजा. तिचा चेहरा जसजसा उजळत गेला तसतसं मी आणखी रचत गेले.

गोष्ट तिथेच थांबली असती तर! दुसऱ्या दिवशी रविवारी काकीनं पुरण घातलं. टोळीतल्या चौघी बायका आल्या, एकीनं नारळ आणला. काकीनं टीव्हीच्या लाकडी चौकटीला हळद लावली, कुंकू लावलं. आई पदर तोंडात धरून हसत होती. बायकांनी हळदीची गाणी म्हटली आणि मग अंगणात फेर धरून झाकरी नाचल्या, गमबूट काढून ठेवून, पायांत घुंगरू बांधून. तसं लग्न मी नंतर माझं स्वतःचंसुद्धा पाहिलं नाही. मी चार पोळ्या खाल्ल्या. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात तेही नव्हतं, पोळ्या फार छान झाल्या होत्या.

हळदीचा डाग मात्र चौकटीवरून गेला नाही.

पुढच्या वर्षी महाशिवरात्रीला काकीनं गंगा तालावला, डोंगरावरच्या पवित्र तलावाला, चालत जायचं काढलं. गुडघे गेलेले. वडील नको म्हणाले, आई नको म्हणाली. काकी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "शालू येते माझ्यासंगती. तिनं भिवाला पोचवला, मला न्हाय पोचवणार?"

पहाटे सगळं गाव पांढरे कपडे घालून निघालं. शामुनीच्या चढापर्यंत आम्ही सगळ्यांत मागे पडलो. काकी दम खायला थांबायची ती रस्त्याच्या मधोमध, आणि मागून येणाऱ्या कावडी अडायच्या. मी तिला दंडाला धरून बाजूला घ्यायची. प्रत्येक मोरीपाशी ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावून म्हणायची, "भूक लागलीय मालक, पण येतो मी." मी हसायची.

दुपार कलली. तलाव अजून लांब. आणि वरून, उतारावरून, चार बायका खाली येताना दिसल्या. काकीच्या टोळीतल्या. पूजा करून, पाणी भरून, त्या उलट्या फिरल्या होत्या — आम्हाला आणायला. चढ चढून झालेल्या बायका, पुन्हा खाली! एकीनं काकीची पिशवी घेतली, एकीनं हात धरला, एकीनं आमच्यापुढे पुऱ्या धरल्या. "आमची रांग झाली, आता तुझी," म्हणाल्या. काकी गाणं म्हणत तलावावर पोचली. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं, आणि नेमक्या त्याच क्षणी मला मिठाचं मैदान दिसलं.

पाण्यात पाय सोडून आम्ही दोघी बसलो. काकीनं पानांवर दोन दिवे ठेवले, एक आमच्या घरासाठी, एक भिवाच्या घरासाठी. मग सहज, पाण्याकडे बघतच म्हणाली, "गावात तूच पोचवलंस ना गो त्याला? एकटा सोडला न्हायस ना?"

आता सांगायचं होतं. याहून चांगली जागा कुठली? ती रागावली असती, मग हसली असती, मला ठाऊक होतं.

"नाही काकी," मी म्हटलं. "त्याच्या दारापर्यंत गेले होते मी." पाय पाण्यात होते.

पुढे दर गणपतीला ती भिवाची खबर विचारायची. मी त्याला तीन मुलं दिली, मग नातवंडं दिली. काकी भरपूर जगली आणि आनंदात गेली, भिवाचा संसार सुखाचा चाललाय असं समजून.

पण एक गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती. त्या खेळात सोडलेला सोबती मरत नसे. जिथे सोडला तिथेच उभा राहायचा, आणि परत जाऊन त्याला घेता यायचं. तलावावरून आल्यावर कॉम्प्युटर आणखी वर्षभर घरात होता. आमचा डाव साठवलेली कॅसेटही होती, हळदीच्या डागाखालच्याच खणात. लावायला आठ मिनिटं लागत.

मी परत गेले नाही.