बापाचं अक्षर पुढे

तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये सुनेत्रा नकला करायला उभी राहिली की बायका हातातला चहा आधी खाली ठेवायच्या. हसताना सांडायचा. तिचे बाबा त्र्यंबकराव फिटर. वरणगावहून बदली होऊन इथे आले तेव्हा ती सहा वर्षांची होती. शेजारची काकू भाजीवाल्याशी कशी भांडते, ते तिने पंधरा दिवसांत उचललं. तमिळ उचलायला मात्र दहा वर्षं लागली, तीही अर्धीमुर्धी. तिच्या कानात शब्द शिरायच्या आधी सूर शिरायचा आणि आत जाऊन दाराला कडी घालायचा.

बारावीनंतर ती लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला गेली, आणि २००६च्या पावसाळ्याआधी प्रात्यक्षिकासाठी एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दाखल झाली. तिथे कळलं की तिला शीरही सुरासारखीच सापडते. जाड्या माणसाच्या दंडावर बोट फिरवायची, "हं, ही बघा!" म्हणायची, आणि नळी भरायचीसुद्धा.

लॅबच्या प्रमुख राजसबाई. वय पंचावन्न, चष्म्याला दोरी, आणि मराठी तंजावरची. त्यांचे पूर्वज दक्षिणेत येऊन तीनशे वर्षं झालेली. पहिल्याच दिवशी सुनेत्राचं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"तूं आमची कां गे? बरें जालें! या लॅबांत मजशीं मराठी बोलायास एक मनुष्य नव्हतें. जेवलीस काय? नाहीं? लोणचें देतें, थांब."

बाई हे सगळं तमिळ चालीवर म्हणायच्या. वाक्य जिन्यासारखं वर चढायचं आणि शेवटच्या पायरीवर उडी मारायचं. सुनेत्राला तर गुप्तधनच सापडलं. दुपारच्या सुट्टीत डबा खायच्या खोलीत तिने ते बाहेर काढलं. बरोबर शिकणाऱ्या, पण तिच्यामागून लॅबमध्ये आलेल्या नीलम आणि कौमुदी, एक भुसावळची, एक साताऱ्याची, हसून हसून भिंतीला टेकल्या. सुनेत्राच्या ताटात तेव्हा राजसबाईंचं लोणचं होतं.

सगळ्यात गाजली ती नावांची नक्कल. नव्या मुलींना नळीवर नाव कसं लिहायचं, हे बाई रोज सकाळी बजावत. मुलींना त्या तमिळ रीतीने 'पापा', म्हणजे बाळ, म्हणत. सुनेत्रा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून म्हणायची, "इथें कोणांस आडनांव नाहीं, पापा! आडनांव पुसूं नको! बापाचें अक्षर पुढें, लेंकराचें नांव मागें! आणि नंबर घातल्यावांचून नळी हातांतून सोडूं नको, नाहीं तर मी तुजला सोडणार नाहीं!"

"अगं बस, घास अडकेल!" नीलम म्हणायची. "परत कर, परत!"

सुनेत्राने ते वाक्य चाळीस वेळा तरी म्हटलं असेल. एकदाही ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी सांधे धरणाऱ्या तापाची साथ होती. रक्त द्यायची रांग लिफ्टपर्यंत गेली होती. तिच्या खुर्चीवर एक चाळिशीची बाई येऊन बसली. ओठ कागदासारखे, दम लागलेला. मोडक्या तमिळमध्ये सुनेत्राने नाव विचारलं.

"कनका."

"पुढे?"

"पुढे काय, सिस्टर?"

"अहो, पूर्ण नाव! पुढे काय लावता?"

बाई बिचारी गोंधळली. मग म्हणाली, "अप्पाचं नाव मुरुगेसन."

सुनेत्राने वरणगावकडच्या रीतीने लिहून टाकलं: स्वतःचं अक्षर आधी, बापाचं नाव मागे. के. मुरुगेसन. नंबर नंतर टाकू म्हणून नळी स्टँडमध्ये खोचली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

वरच्या वॉर्डात खरंच एक के. मुरुगेसन होते, कुप्पुसामींचे चिरंजीव, वय सत्तर, ताप आलेले. त्यांची नळी पंधरा मिनिटांनी खाली आली. नळ्या रजिस्टरला चढवायचं काम सुब्बाअण्णांचं. सतरा वर्षांची नोकरी, कपाळाला विभूती, बोलणं कमी. एकाच नावाच्या दोन नळ्या पाहून त्यांना वाटलं, पोरींनी म्हाताऱ्याचं रक्त दोनदा काढलं. आधी आलेली म्हाताऱ्याच्या नावावर चढवली, नंतरची बाजूला ठेवली. हिमोग्लोबिन आलं सहा. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला दोन बाटल्या रक्त चढवायला सांगितलं.

रक्त जुळवून पाहायला म्हाताऱ्याची नवी नळी आली, तेव्हा ती राजसबाईंच्या हातात पडली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि तिरकी केली.

"हें सहाचें रक्त नव्हे," त्या म्हणाल्या. "हें दाट आहे. थांबवा."

परत तपासलं, तर तेरा. बाटल्या परत गेल्या. कुणाला काही झालं नाही, पण वरून डॉक्टर धाडधाड खाली आले आणि त्यांना रजिस्टरवर सुब्बाअण्णांची सही दिसली.

"सतरा वर्षं काय इथे झोपा काढल्या? माणूस गेला असता! उद्यापासून यायची गरज आहे का, ते मॅनेजरसाहेबांना विचारून घ्या!"

अण्णांनी मान खाली घातली. एकदाच ती बाजूला ठेवलेली नळी उचलून अक्षराकडे पाहिलं, मग आधी चढवलेली उचलली, तिच्यावरचं अक्षरही पाहिलं. मग सुनेत्राकडे पाहिलं.

चढवलेल्या नळीवरचं अक्षर आपलंच, हे सुनेत्राने ओळखलं. "मी लिहिलंय" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण प्रात्यक्षिकाच्या वहीवर राजसबाईंची सही बाकी होती. सही नाही तर परीक्षा नाही. आणि क्वार्टर्समध्ये बाबा सगळ्यांना सांगून बसले होते की आमची पोरगी दिवाळीपर्यंत पगार आणते. तिने काचपट्ट्या पुसायला घेतल्या. पुसलेल्याच परत पुसल्या. अकरापासून तीनपर्यंत ती ज्या तोंडाने डब्याची खोली हसवायची, त्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

तीन वाजता खिडकीशी कनका आली. रिपोर्ट मागायला. सकाळपासून बाकावर बसून होती.

"तुमची नळी आलेलीच नाही," अण्णा रजिस्टर चाळत म्हणाले. "रक्त कुणी काढलं?"

"त्या सिस्टरनी," कनकाने बोट दाखवलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, ओळख असल्यासारखं. "नसेल तर राहू दे, अण्णा. घरी जाते. थोडं बरं वाटलं की पुन्हा येईन."

ती वळलीसुद्धा. जिन्याचा कठडा तिने दोन्ही हातांनी धरला.

सहाचं रक्त जिना उतरून चाललं होतं आणि ते कुणाचं, हे फक्त सुनेत्राला ठाऊक होतं.

"थांबा!" ती ओरडली. मग राजसबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "मॅडम, ती नळी माझी. त्या बाईंची आहे. मी... मी आडनाव विचारलं."

"मी रोज काय सांगतें?" बाईंनी चष्मा काढला. "म्हण."

सुनेत्राने तोंड उघडलं आणि घात झाला. ते वाक्य तिला एकाच आवाजात येत होतं. "इथें कोणांस आडनांव नाहीं, पापा... बापाचें अक्षर पुढें..." तोच चढता सूर, तीच शेवटची उडी, आणि सवयीने बोटसुद्धा नाकाच्या शेंड्याकडे गेलं. मागे कौमुदीच्या हातून काहीतरी पडलं. सुनेत्राला थांबायचं होतं, पण वाक्य थांबेना, "...नाहीं तर मी तुजला सोडणार नाहीं" इथपर्यंत जाऊनच ते संपलं.

"चांगलें म्हणतेस," राजसबाई सावकाश म्हणाल्या. "भिंतीआडून ऐकतें त्याहून समोर बरें वाटतें. डब्याच्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे, लेंकरा."

सुनेत्राने नाकाकडे गेलेलं बोट घाईने खाली घेतलं.

"तुजला सर्व ठाऊक, मग मी दुजें काय शिकवूं? मनांत म्हटलें, पोरगी चेष्टा करिते खरी, पण पाठ तर जालें. वहीची सही पुढल्या महिन्यांत. आतां आधीं सुब्बाकडे जा, मग वर डॉक्टरांकडे, दोन्हीकडे आपल्या तोंडानें सांग. माझ्या नव्हे."

सुब्बाअण्णांना तिने "सॉरी अण्णा" म्हटलं. ते म्हणाले, "अक्षर मी सकाळीच ओळखलं होतं, अम्मा. म्हटलं, बघू, येते का." बस्स, एवढंच. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी दिल्या, त्या तिने उभ्याने खाल्ल्या. खाली आली तर कनका खुर्चीवर हात पुढे करून बसलेली.

"आधीच कमी आहे म्हणतात," ती हसली, "आणि तुम्हाला दोनदा पाहिजे?"

रोज पहिल्या फटक्यात सापडणारी शीर त्या दिवशी सापडेना. दुसऱ्यांदा टोचावं लागलं. कनका कळवळली नाही. नळी भरली, सुनेत्राने ती खाली ठेवलीच नाही. डाव्या हातात धरून लिहिलं: एम. कनका. खाली नंबर. मग कनकाला वाचून दाखवलं.

"बरोबर," कनका म्हणाली. "अप्पा पुढे, मी मागे."

त्या रविवारी क्वार्टर्समध्ये कुणाकडे तरी पूजा होती. त्र्यंबकरावांनी पाहुण्यांसमोर हाक दिली, "सुने, ती तुझी तंजावरवाली होऊन जाऊ दे!" बायकांनी कप खाली ठेवले.

"बाबा, माझी सही महिनाभर लांबलीये," ती म्हणाली. "का ते सांगू?"

आणि तिने सगळं सांगितलं, आपल्याच आवाजात. कुणी हसलं नाही. कपांतला चहा निवला, आणि बाबांनी आपला कप उचलून तो तसाच गार पिऊन टाकला.