द्वारकाबाईंची कढई पडद्यावर

पहाटे चारला द्वारकाबाई उठत. उजाडायच्या आत भूमच्या खवा भट्टीवर हजर. मी त्यांच्या कढईखाली जाळ घालायचो. आता थकलोय, पण एक सांगतो, या बाईनं कधी खवा लागू दिला नाही. दूध दाटायला लागलं की उलथणं थांबवायचं नसतं. पाहुणा येवो, धूर डोळ्यात जावो, हात फिरला पाहिजे. नवरा गेल्यावर याच हातावर त्यांनी लेकीला, शिवकन्येला, शिकवलं. ती पुण्याला सिनेमा शिकायला गेली.

शेवटच्या वर्षी तिनं आईच्या कामावर छोटी फिल्म करायची ठरवली. शूटिंगच्या दिवशी द्वारकाबाईंनी कढई बाहेरून घासून लखलखीत केली आणि लग्नातला शालू नेसून आल्या. शिवकन्येनं कपाळावर हात मारला. आईला रोजचं लुगडं नेसवलं. कढई पुन्हा काळी होईपर्यंत कॅमेरा बंद ठेवून नुसतेच खव्याचे घाणे काढले. मग दूध दाटल्यापासून गोळा होईपर्यंत सगळं एका दमात टिपलं, कुठं तोडलं नाही. सोबतची मुलं म्हणाली, एवढं ढवळणं कोण बघत बसेल? ती म्हणाली, आईला मधे उठता येत नाही, तेच दाखवायचंय.

तेर गावच्या वस्तुसंग्रहालयात विद्यार्थ्यांच्या फिल्मा दाखवायचं ठरलं. हिची शेवटी होती. लोक उठून गेले तर पोरीचं हसं होईल, ही द्वारकाबाईंना धास्ती.

भट्टीवरचे आम्ही सगळे, मालकांसकट, खाडा करून भाड्याच्या जीपनं गेलो. आधीच्या फिल्मा चटपटीत होत्या. हिची लागली तशी मागं चुळबूळ सुरू झाली. दोघं उठलेच. तेवढ्यात पडद्यावर द्वारकाबाईंनी घाम पुसायला क्षणभर हात थांबवला, आणि आमच्यात बसलेली, भट्टीवर त्यांच्या शेजारची कढई सांभाळणारी लक्ष्मम्मा ताडकन उभी राहिली.

"अगं हलव की, लागंल!"

सगळे हसले. पण त्यानंतर कुणाची नजर हलली नाही. उठलेले दोघं उभ्यानंच बघत राहिले. गोळा कढई सोडून आला तसा लोकांनी श्वास सोडला, आणि टाळ्या थांबेनात. शिवकन्येनं आईला पुढं नेलं. लोकांनी बोलायचा आग्रह केला.

"काय बोलू? तुम्ही बसलात. लई झालं."

बाहेर मालकांनी खिशात हात घातला. म्हणाले, आमच्या सगळ्यांच्या जीपचं भाडं ते देणार.

"न्हाय मालक," द्वारकाबाई म्हणाल्या. "आज न्हाय. आज समदी माझ्या लेकीसाठी आलीत."

आणि आपल्या रोजातून साठवलेले पैसे त्यांनी जीपवाल्याला दिले.