राजूशेठचं तळघर आणि अण्णांचा दरवाजा

बायकोचं म्हणणं आहे की तळघराचे किस्से मी एकदाचे लिहून काढावेत, म्हणजे घरी आलेले पाहुणे वेळेवर जेवतील तरी! तिचं चुकत नाही. त्या डिस्कोत मी अडीच वर्षं लाइट आणि साउंड सांभाळला. पगार केव्हाच संपला, किस्से काही संपेनात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागे दुसरा रांग लावून उभा.

तळघर म्हणजे गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं एक बेसमेंट. साल दोन हजार तीन-चार. नाशकात पोरांना नाचायला तेव्हा दोनच जागा होत्या, गणपतीची मिरवणूक नाहीतर दुसऱ्याची वरात. राजूशेठनी डिस्को काढला आणि शनिवारी दुपारी एक ते चार कॉलेजच्या पोरांचं जॅम सेशन ठेवलं. दुपारी का? तर पोरींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असायचं! वर रणरणतं ऊन, खाली काळोख आणि काळोखात तीनशे पोरं-पोरी. दारूबिरू काही नाही. थंड पेय आणि घाम.

*

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नुकताच बाहेर पडलो होतो. वय एकवीस. राजूशेठनी अख्खं वायरिंग माझ्या हातात दिलं. मी छाती फुगवून टेप घेतला आणि बेसमेंट मोजायला लागलो. खाली यायला जिना एकच, तोही चार फुटी. पण मागच्या भिंतीत एक लोखंडी दरवाजा दिसला. त्याला आतून कुलूप.

"शेठ, हा कुठे जातो?"

"भावाकडे."

"मग उघडत का नाही?"

"भावाकडे जातो म्हणून!"

झालं असं होतं की वडिलांच्या मागे दोघा भावांची वाटणी झाली. बेसमेंट मधोमध कापलं. अर्ध्यात राजूशेठ, अर्ध्यात थोरल्या अण्णांचं भांड्यांचं गोदाम, आणि त्याच्या डोक्यावर अण्णांचं दुकान. मधल्या दरवाजाला एक कुलूप याच्या बाजूने, एक त्याच्या बाजूने. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चार फुटांचा जिना, तीनशे माणसं आणि वायरिंग माझं. काही झालं तर कुणाकडे बोट दाखवणार? दुसऱ्या दिवशी शेठला म्हटलं, "शेठ, तो दरवाजा उघडायची सोय ठेवा हो."

"ठेवू की. एवढा शनिवार होऊ दे."

*

जिन्यावर नामदेव पैलवान असायचा. सिन्नरकडचा. आखाड्याचे दिवस सरले होते, पण खांदे तसेच होते.

एकदा पोरीवरून दोन ग्रुपांत बाचाबाची झाली. पैलवानाने त्यातल्या एका ग्रुपला वर नेऊन सोडलं. अर्ध्या तासात ते वीस जण घेऊन परत आले. हातात हॉकी स्टिका. मी खालून बघतोय. आत तीनशे पोरं, त्यांना पत्ताच नाही. ही वीस जणं खाली उतरली असती तर पळायला जागा नव्हती.

पैलवान तिसऱ्या पायरीवर उभा राहिला. जिना गच्च भरला!

"या," तो म्हणाला. "पर एकेक या. जिना लहान हे. मला काय घाई नाय."

ते वीस जण वर उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. पहिला कोण, हेच ठरेना! पाच मिनिटांनी एक जण म्हणाला, "जाऊ द्या पैलवान, तुमच्याकडे बघून सोडतोय," आणि सगळे गेले.

नंतर हा किस्सा ऐकून सगळे हसले. मीही हसलो. पण माझी नजर त्या जिन्यावरच होती. एक माणूस उभा राहिला की हा भरतो. तीनशे माणसं एकदम निघाली तर?

*

पुण्याहून डीजे आला, त्याचं नाव निक्स. घरचं नाव निखिल. काळा टी-शर्ट, आणि घरात कुणी वारल्यासारखा चेहरा. म्हणाला, "मी फक्त टेक्नो वाजवतो."

आम्ही म्हटलं, वाजव बाबा.

पहिल्या शनिवारी त्याने सुरू केलं. धप् धप् धप् धप्. पंचवीस मिनिटं झाली, पोरं माना हलवत उभीच. शेवटी बिटको कॉलेजकडचा एक मुलगा धीर करून कन्सोलपाशी आला आणि अदबीने म्हणाला, "दादा, म्युझिक झालं असेल तर आता गाणं लावता का?"

निक्सने हेडफोन काढून ठेवला. मला वाटलं गेला हा पुण्याला! पण मग त्याने ब्रेकडाउन दिला. म्हणजे ठोका काढूनच घ्यायचा. नुसता एक बारीक आवाज ठेवायचा, लोकांना ताटकळवायचं आणि मग एकदम ठोका परत आणायचा. झालं काय, ठोका थांबल्याबरोबर अख्खं तळघर ओरडलं, "लाइट गेली!" दिवसातून चार तास भारनियमन असायचं, लोकांना दुसरं काय सुचणार?

दोन-तीन महिन्यांत मात्र पोरं तयार झाली. ठोका गेला की तीनशे जोड्या हात वर, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. निक्स म्हणायचा, "पुण्यात पण इतके गप्प राहत नाहीत." नाचायच्या स्टेप्स मात्र शेवटपर्यंत मिरवणुकीच्याच राहिल्या.

*

एका शनिवारी अण्णा स्वतः समोरच्या जिन्याने खाली आले. पांढरा लेंगा, वर गंजी, कपाळावर गंध. राजूशेठ माझ्या शेजारीच उभे होते. दोघांत अंतर तीन फूट. अण्णा माझ्याकडे बघून बोलायला लागले.

"मिलिंदा, त्याला सांग, त्याच्या धपधपीने माझे पेले चालायला लागलेत! फळीच्या या टोकाला ठेवतो, संध्याकाळी त्या टोकाला सापडतात!"

राजूशेठही माझ्याकडेच बघून म्हणाले, "मिलिंद, त्यांना सांग, पेले इकडेच यायला निघालेत. तिकीट काढलं तर आत घेईन!"

मी कुणाला काय सांगणार? दोघांनाही सगळं ऐकू आलं होतं. अण्णांच्या मानेची शीर टरारली. मला वाटलं आता हात उचलतात. पण ते वळले आणि जिना चढून गेले. राजूशेठचा चेहराही उतरला. मग पुढचा तासभर ते विनाकारण बाटल्या पुसत बसले.

पुढच्या शनिवारी अण्णांनी उत्तर दिलं. बरोबर एक वाजता ते गोदामात भिंतीला पाठ लावून बसले आणि तांब्याचे हंडे मठारायला लागले. मठारणं म्हणजे हातोडीने ठोके देत भांड्याला घाट आणायचा. घराण्याचंच काम, हात बसलेला. ठाण् ठाण् ठाण् ठाण्!

आम्ही निक्सकडे बघतोय. आता हा भडकणार. त्याने कान भिंतीला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "कोण आहे हा? एकदा पण टेम्पो सुटत नाही त्याचा!"

त्या दिवसापासून दर शनिवारी निक्स आपला टेक्नो अण्णांच्या हातोडीवर लावून घ्यायचा. अण्णांना हे कधी कळलं नाही. कळलं असतं तर त्यांनी हातोडीच फेकून दिली असती!

*

इकडे माझी झोप उडालेलीच होती. राजूशेठनी दोन एसी वाढवले, मोठे अँप्लिफायर आणले. केबल तीच. जिन्याखाली मेन बोर्ड होता. सेशन संपलं की मी त्याला हात लावून बघायचो. आधी कोमट लागायचा. मग गरम लागायला लागला.

"शेठ, जाड केबल टाकायला हवी. आणि तो दरवाजा."

"मिलिंद, तू म्हणशील तशी केबल टाकू. एवढा शनिवार होऊ दे."

प्रत्येक आठवड्यात एक शनिवार असतोच! मी एकदा नोकरी सोडतो म्हणालो. तर पैलवान म्हणाला, "तू गेला तर त्या बोर्डाला हात कोन लावनार?" म्हणून राहिलो. भित्रा होतो म्हणा, नाहीतर अडकलो होतो म्हणा.

*

आणि मग तो शनिवार आला.

पावणेतीनची वेळ. फ्लोअर ठासून भरलेला. जिन्याच्या बाजूने पांढरा धूर आत आला आणि पोरं खूश होऊन ओरडली. धूर दिसला की ओरडायचं, ही सवय आम्हीच लावली होती, आमच्याकडे स्मोक मशीन होतं. निक्सनेही हात वर केला. आणखी शिट्ट्या!

फक्त स्मोक मशीन तीन दिवसांपासून रिपेअरला गेलेलं होतं.

मी कन्सोलजवळचा एसीचा स्विच पाडला आणि गर्दीतून घुसत जिन्याकडे गेलो. पैलवान वाळूची बादली घेऊन उभा. बोर्ड पेटला होता. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवरून ज्वाळा वर निघालेल्या.

"हितनं कोनाला नेता येनार नाय," तो माझ्या कानात म्हणाला. "मी एकटा उडी टाकून वर जातो. मीटर रूमचा मेन पाडू का?"

"नको! अंधार झाला तर तुडवातुडवी होईल. वाळू टाकत राहा. इकडे कुणाला येऊ देऊ नका."

मी राजूशेठना दंडाला धरून मागच्या दरवाजाकडे ओढलं. त्यांनी खिशातून जुडगा काढला. इतकी वर्षं त्या कुलपाची किल्ली त्यांच्याच जुडग्यात होती. कुलूप उघडलं. आम्ही दोघांनी खांदा लावला. दरवाजा हलेना. त्या बाजूला अण्णांचं कुलूप आणि त्याला टेकून भांड्यांची रास. आम्ही मुठी आपटल्या. इकडे टेक्नो, तिकडे हातोडी. आमच्या मुठी कुणाला ऐकू जाणार?

मी कन्सोलकडे पळालो. "निखिल, ब्रेकडाउन दे. लांब. मी हात वर करेपर्यंत ठोका आणू नकोस."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. ठोका काढून घेतला.

तीनशे जोड्या हात वर गेले. धूर छताखाली साचत चाललेला, आणि त्यात सगळे गप्प, हसऱ्या चेहऱ्यांनी वाट बघत उभे. मला ते चेहरे आजही दिसतात. भिंतीपलीकडून तेवढी अण्णांची हातोडी. ठाण्. ठाण्. ठाण्.

राजूशेठ दरवाजाच्या फटीला तोंड लावून उभे होते. आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना!

"शेठ, हाक मारा! अहो, हाक मारा!"

ओठ नुसते हलत होते. मी त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. मालकाच्या पाठीत!

"अण्णा," ते म्हणाले. मग मोठ्याने, "अण्णा!"

हातोडी थांबली.

"अण्णा, आग लागलीय. पोरं आहेत आत," त्यांनी फटीतून हळूच सांगितलं.

एक क्षण गेला, दोन गेले. मला वाटलं संपलं सगळं. आणि एकदम पलीकडे हंडे, पातेली, घागरी, परातींची अख्खी रास कोसळल्याचा आवाज झाला. अण्णा ती दोन्ही हातांनी फेकत होते! पोरांना वाटलं हाच तो क्षण. "ओऽऽऽ!" करून तीनशेच्या तीनशे उडाले. मी हात वर केला, निक्सने ठोका आणला, आणि पलीकडे कुलपावर हातोडीचे चार घाव पडले.

दरवाजा उघडला. गोदामाच्या पायऱ्यांवरून दुकानातलं ऊन खाली आलं. मध्ये अण्णा, घामाने भिजलेले.

निक्सने माइक घेतला. आवाज जरासुद्धा हलला नाही त्याचा. "नाशिक! पार्टी आता वरच्या मजल्यावर! मागच्या दरवाजाने, नाचत नाचत, दोघं-दोघं!"

आणि ती पोरं नाचत गेली हो! भांड्यांवरून, परातींवरून, अण्णांच्या दुकानातून थेट दुपारच्या उन्हात. एक पोरगी अण्णांना म्हणाली, "काका, डेकोरेशन भारी आहे!" वर पोचेपर्यंत निम्म्यांना कळलंही नव्हतं. शेवटी निक्स बाहेर पडला, पैलवान मिशा जळालेल्या अवस्थेत आला, आणि मी मीटर रूममध्ये जाऊन मेन पाडला. कुणाला खरचटलंही नव्हतं. मी फुटपाथवर बसलो आणि हुंदके देऊन रडलो. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

बंबवाले येऊन गेल्यावर मी राजूशेठना शोधत गोदामात उतरलो. दोघं भाऊ समोरासमोर उभे होते. मधे कुणी नव्हतं.

"किती होती?" अण्णांनी विचारलं.

"तीनशे."

अण्णांनी खाडकन त्यांच्या मुस्काटात मारली. चाळिशीचा माणूस, डिस्कोचा मालक, गाल धरून खाली मान घालून उभा राहिला. अण्णांनी हात लेंग्याला पुसला, इकडेतिकडे पसरलेल्या राशीकडे बघितलं आणि म्हणाले,

"उचल भांडी. आणि पाय लागू देऊ नकोस."